नवतारा : एका संज्ञेचा अर्थ आणि एका मौनाचा शोध

इ. स. १००६ च्या एप्रिलअखेरीस दक्षिण आकाशात एक अपरिचित तेजस्वी ज्योती प्रकट झाली. लिखित इतिहासात नोंदल्या गेलेल्या सर्व ताऱ्यांत ती सर्वाधिक तेजस्वी मानली जाते. तिचे स्थान वृक तारकासमूहात, म्हणजे विशाखा-अनुराधांच्या दक्षिणेस होते. त्या काळची तिची क्रांती सुमारे अडतीस अंश दक्षिण येते. जालना शहराचा अक्षांश एकोणीस अंश पन्नास कलांच्या आसपास आहे. म्हणजे अठराव्या शतकात ज्या जागी मस्तगडाचा कोट उभा राहिला, तेथून ही ज्योती मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिण क्षितिजापासून बत्तीस अंश उंच चढलेली दिसली असली पाहिजे. सूर्य मावळताना ती उगवत होती आणि रात्रभर आकाशात राहत होती. उन्हाळ्याचे दिवस होते, पावसाळा सुरू व्हावयास महिना-सव्वा महिना अवकाश होता आणि लोक अंगणात व माळवदावर निजत असणार. चालुक्य सत्याश्रयाच्या राज्यातील ह्या भूभागात त्या रात्री कोणाचीच नजर वर गेली नाही, असे मानणे कठीण आहे. नजर गेली असेल, तर पाहणाऱ्याने त्या वस्तूला काय म्हटले असेल, हा प्रश्न खगोलशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही आहे.

आज तिला मराठीत ‘नवतारा’ किंवा ‘अतिदीप्त नवतारा’ म्हटले जाते. परंतु ही संज्ञा आधुनिक असून तिची घडण पाश्चात्त्य आहे. अकराव्या शतकातील माणसाजवळ ती नव्हती. ती दक्षिणेतच नव्हती असे नाही. जगात कोठेच नव्हती.

त्याच रात्री इजिप्तमध्ये अली इब्न रिदवान ह्या पुढे वैद्य म्हणून कीर्ती पावलेल्या तरुणाने ती ज्योती पाहिली. टॉलेमीच्या फलज्योतिषग्रंथावरील आपल्या भाष्यात त्याने तिचे वर्णन उतरवून ठेवले आहे. सूर्य वृषभेच्या पंधराव्या अंशात होता आणि ज्योती वृश्चिकेच्या पंधराव्या अंशात होती. तिचा आकार वाटोळा, शुक्राच्या अडीच-तीन पट मोठा होता. तिच्या प्रकाशाने क्षितिज उजळत असे आणि तो चंद्रप्रकाशाच्या चतुर्थांशाहून काहीसा अधिक होता, असे तो सांगतो. आज ह्या घटनेचा अभ्यास करणाऱ्यास याहून नेमके वर्णन दुसरे मिळत नाही. तरीसुद्धा इतका चोख निरीक्षक त्या वस्तूला नाव देताना ‘नैझक’ हा शब्द वापरतो. अरबीत हा शब्द आखूड भाल्याचा वाचक आहे आणि तेथून तो आकाशातील उल्कासदृश ज्योतींना लावला गेला. त्याचे मूळ फार्सीत आहे, आणि त्याच कुळातील ‘नेजा’ हा शब्द भाला ह्या अर्थी मराठीतही रुळलेला आहे. म्हणजे ज्या वस्तूचा वाटोळेपणा इब्न रिदवान स्वतः नमूद करतो, तिलाच तो भाल्याचे नाव देतो! ह्यात विसंगती वाटते ती आजच्या वाचकाला. त्याच्या दृष्टीने ‘नैझक’ हे आकृतीचे वर्णन उरलेच नव्हते. आकाशात अवचित उद्भवणाऱ्या ज्योतींच्या वर्गाचे ते नाव होते, आणि नवी वस्तू त्या वर्गात घालण्याखेरीज त्याला गत्यंतर नव्हते.

चिनी राजज्योतिषी अशा ज्योतीस ‘खशिंग’, म्हणजे पाहुणा तारा, म्हणत. ही संज्ञा फार समर्पक वाटते, कारण पाहुणा येतो, राहतो आणि जातो; तो नवा जन्मलेला असतो असा दावा तीत नाही. मात्र ह्या संज्ञेच्या पोटातही धूमकेतू शिरलेले आहेतच. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेनच्या मठातील साधूंनी हीच ज्योती जेमतेम चार-पाच अंश उंचीवर पाहिली, आणि दक्षिणेच्या अगदी टोकाला कधी आक्रसणारा, कधी पसरणारा, कधी विझणारा तारा असे तिचे वर्णन करून ठेवले. क्षितिजालगतच्या हवेत तारा असाच हिंदकळतो, तेव्हा हे वर्णन अविश्वसनीय ठरवण्याचे कारण नाही.

‘नवा तारा’ ह्या शब्दाला शास्त्रीय वजन प्राप्त झाले ते इ. स. १५७२ नंतर. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शर्मिष्ठा तारकासमूहात एक ज्योती दिसू लागली. डेन्मार्कच्या टायको ब्राहे ह्याने तिचे वारंवार वेध घेतले आणि ती चंद्राच्या कितीतरी पलीकडे आहे असे दाखवून दिले. ॲरिस्टॉटलच्या मताप्रमाणे चंद्राच्या पलीकडील आकाश अविकारी होते. तेथे काही उपजत नाही आणि काही नष्ट होत नाही. म्हणून १५७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टायकोच्या ग्रंथाच्या नावातील ‘नोव्हा स्टेल्ला’ हे दोन शब्द निव्वळ वर्णनपर नव्हते. अविकारी म्हटलेल्या प्रदेशात काही नवे घडले, असे ते सांगत होते. १६०४ मध्ये भुजंगधारी समूहात दिसलेल्या ताऱ्यावर केप्लरने लिहिलेला ग्रंथ १६०६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्याही नावात हेच दोन शब्द आले, आणि संज्ञा रूढ झाली.

पुढे ह्या जोडीतील ‘स्टेल्ला’ गळाले आणि ‘नोव्हा’ उरले. लॅटिनमध्ये ‘स्टेल्ला’ स्त्रीलिंगी असल्यामुळे विशेषणाने स्त्रीलिंगी प्रत्यय घेतला होता. नाम गेले तरी त्याचे लिंग विशेषणात टिकून राहिले. मराठी वाचकाला ही प्रक्रिया परकी वाटू नये. ‘एकादशी’, ‘चतुर्थी’, ‘पौर्णिमा’ हे शब्द मुळात ‘तिथि’ ह्या स्त्रीलिंगी नामाची विशेषणे आहेत. तिथी बोलण्यातून गळाली; तिचे स्त्रीत्व मात्र एकादशीत राहिले. विशेषणाचे नाम झाले की बोलणारा त्याचा मूळ अर्थ विसरू लागतो. एकादशीचा उपवास करणाऱ्याच्या मनात अकरा हा आकडा क्वचितच असतो. ‘नोव्हा’ म्हणणाऱ्या युरोपीय ज्योतिर्विदाच्या मनातही ‘नवी’ हा अर्थ असाच फिकट होत गेला, आणि तो फिकट झाला म्हणूनच पुढे ती संज्ञा चुकीची ठरूनही टिकली.

मराठीत भाषांतर करणाऱ्याने मात्र तो फिकट अर्थ पुन्हा गडद केला. ‘नवतारा’ असे म्हणताच ‘नव’ जागे होते. येथे एक गोष्ट सहज नोंदवण्याजोगी आहे. तारकासमूहांची नावे योजताना आपल्या लेखकांनी भाषांतर केले नाही; अँड्रोमेडाची देवयानी केली, कॅसिओपियाची शर्मिष्ठा केली, पर्सियसचा ययाती केला. ग्रीकांच्या कथेच्या जागी महाभारतातील कथा बसवली, आणि ती नावे आज परकी वाटत नाहीत. नोव्हाच्या बाबतीत हे धैर्य दाखवले गेले नाही. शब्दास शब्द ठेवला गेला.

ह्या शब्दाचे व्याकरण तपासले असता दोन-तीन गमतीदार गोष्टी आढळतात. संस्कृतातील ‘तारा’ स्त्रीलिंगी आहे. मराठीत तो शब्द ‘घोडा’ शब्दाप्रमाणे पुल्लिंगी चालतो : तारे, ताऱ्याचा, ताऱ्यांनी. ताराबाई, ताराराणी ह्या विशेषनामांत तेवढे मूळ स्त्रीत्व उरले आहे. त्यामुळे लॅटिनमध्ये जी ‘ती’ होती, ती मराठीत ‘तो’ झाली. आणि ‘नोव्हा’, ‘सुपरनोव्हा’ हे शब्द जसेच्या तसे उचलणारे मराठी लेखकही त्यांना आकारान्त म्हणून पुल्लिंगीच चालवतात. दुसरी गोष्ट ‘नव’ ह्या पूर्वपदाची. नवग्रह, नवरात्र, नवरत्न ह्यांत ‘नव’ म्हणजे नऊ. नववधू, नवयुग, नवमत ह्यांत ‘नव’ म्हणजे नवे. ‘नवतारा दिसला’ ह्या एकवचनी वाक्यात घोटाळा संभवत नाही. ‘नवतारे दिसले’ म्हटले की मात्र दिसलेले तारे नऊ होते की नवे होते, हे केवळ शब्दावरून सांगता येत नाही. गंमत अशी की हा घोटाळा लॅटिनमध्येही जवळ जवळ तसाच आहे. तेथे नऊला ‘नोव्हेम’ आणि नव्याला ‘नोव्हुस’ म्हणतात. आठापर्यंत एक मोजणी संपून नऊपासून नवी सुरू होत असावी आणि म्हणून दोन्ही शब्द मुळात एकच असावेत, असा एक जुना तर्क भाषाशास्त्रात आहे. तो सिद्ध झालेला नाही, पण टाकाऊही म्हणता येत नाही.

ह्याहून गंभीर अडचण अर्थाची आहे. नवतारा नवा नसतो. आजच्या ज्ञानानुसार तो एका जोडताऱ्याचा घटक असतो : आयुष्य संपवून बसलेला, अतिशय घन असा श्वेतबटू. शेजारच्या ताऱ्यातून हायड्रोजन त्याच्या पृष्ठावर साचत जातो, तापतो, आणि एका क्षणी त्या थरात अणुगर्भीय ज्वलन भडकते. तारा हजारो पटींनी, कधी लाखाच्या घरात उजळतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो. तो जन्मतही नाही आणि मरतही नाही. उत्तर मुकुट समूहातील एक तारा १८६६ मध्ये असा उजळला आणि पुन्हा १९४६ मध्ये उजळला. भुजंगधारीतील आर. एस. ह्या ताऱ्याचे १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ असे उद्रेक नोंदलेले आहेत. त्यांतील २००६ चा उद्रेक जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने दीर्घ तरंगलांबीवर टिपला. अशा ताऱ्यांना ‘पुनरावर्ती नवतारे’ म्हणावे लागते. पुन्हा पुन्हा येणारा नवा! ‘पाहुणा’ हा शब्द स्वीकारला असता, तर ह्या ठिकाणी भाषा अशी अडखळली नसती.

आणि १००६ ची ज्योती तर ह्या अर्थानेही नवतारा नव्हती. १८८५ मध्ये देवयानीतील तेजोमेघात एक तारा उजळला. त्याला त्या वेळी नोव्हाच समजण्यात आले. १९२० च्या दशकात हबलच्या वेधांवरून तो तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका आहे असे ठरले. इतक्या अंतरावरून दिसलेला तारा साध्या नोव्हाहून हजारो पट तेजस्वी असला पाहिजे, हे त्याबरोबर आपोआप आले. १९३४ मध्ये बाडे आणि झ्विकी ह्या दोघांनी अशा ताऱ्यांचा स्वतंत्र वर्ग प्रतिपादला आणि ‘सुपरनोव्हा’ ही संज्ञा प्रचारात आली. त्याच वर्षी त्यांनी असेही सुचवले की ह्या स्फोटात ताऱ्याचे रूपांतर न्यूट्रॉन ताऱ्यात होते. संज्ञेचा पूर्वार्ध तेजाची मात्रा सांगतो. कल्पना मात्र तेव्हाच मात्रेच्या पलीकडे, ताऱ्याच्या विनाशापर्यंत गेलेली होती.

‘सुपर’ ह्या उपसर्गासाठी मराठीत ‘अति’ आला. ‘अतिनवतारा’ असा समास केल्यास मराठी कान ‘अति’ची सांगड ‘नव’शी घालतो आणि ‘फारच नवा तारा’ असा अर्थ निघू पाहतो. शिवाय मराठीत ‘अति’ला अतिरेकाची, किंचित दोषाची छटा आहे; अतिशहाणा, अतिप्रसंग हे शब्द पाहावेत. हिंदीतील ‘अधिनवतारा’ ह्या शब्दातही पहिली अडचण तशीच राहते. मराठी विश्वकोशाने ‘अतिदीप्त नवतारा’ ही संज्ञा योजून ही अडचण टाळली : ‘अति’ला ‘दीप्त’ हा त्याच्या योग्यतेचा सोबती दिला. तिन्ही शब्दांत हाच सरस होय. परंतु त्यानेही एक गैरसमज पक्का केला, तो असा की अतिदीप्त नवतारा हा नवताऱ्याचाच अधिक झगझगीत प्रकार आहे. वस्तुतः भेद जातीचा आहे. नवताऱ्यात तारा शिल्लक राहतो. अतिदीप्त नवताऱ्यात प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळतो, किंवा श्वेतबटू सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाच्या मर्यादेस, म्हणजे चंद्रशेखर ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मर्यादेस, पोहोचून समूळ उधळला जातो. १००६, १५७२ आणि १६०४ चे तारे दुसऱ्या प्रकारचे. १०५४ चा, ज्याच्या अवशेषास आज क्रॅब तेजोमेघ म्हणतात, तो पहिल्या प्रकारचा. पाहणाऱ्यांनी ज्याला जन्म म्हटले तो मृत्यू होता.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळावयाचे. पुण्यातील ‘आयुका’चे संस्थापक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) आणि संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे ह्यांनी प्राचीन भारतीय वाङ्मयात अशा ताऱ्यांच्या नोंदी आहेत काय, ह्याचा पद्धतशीर शोध घेतला. त्याचा वृत्तान्त २००१ मध्ये ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निःसंदिग्ध म्हणता येईल अशी नोंद हाती लागली नाही. ह्या अभावाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण पावसाळ्याचे आहे. १०५४ चा तारा चिनी नोंदीप्रमाणे ४ जुलैला दिसला, म्हणजे ऐन पावसात. तो दिवसाउजेडी तेवीस दिवस दिसत राहिला, तेही ढगांचेच दिवस. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. तोच तारा रात्री १०५६ च्या एप्रिलपर्यंत दिसत होता, आणि त्यात दोन हिवाळे येऊन गेले. वृषभेच्या शिंगाजवळची ती जागा हिवाळ्यात रात्रभर डोक्यावर असते. १००६ च्या ताऱ्याला तर पावसाळ्याचा आडोसा पहिल्या दिवसांत मुळीच नव्हता.

ह्या मौनाचे कारण आकाशापेक्षा नोंदीच्या प्रकारात शोधले पाहिजे. त्या काळातील दिनांकयुक्त लेखन म्हणजे मुख्यतः दानलेख होत. १०१२ सालचा मानला जाणारा अक्षीचा मराठी शिलालेख, म्हणजे वृक समूहातील ज्योतीनंतर अवघ्या सहा वर्षांचा लेख, दानाचाच आहे. दानाला पर्वकाळ लागतो : ग्रहण, संक्रांत, पौर्णिमा. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला. त्या मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख शके ११२८ मधील श्रावणी पौर्णिमेचा, चंद्रग्रहणसमयीचा आहे. ज्योतिषशास्त्राच्या पाठशाळेचे दानही आकाशातील घटनेशी बांधले गेले, पण घटना निवडली ती गणिताने आधी सांगता येणारी. ग्रहण पंचांगात असते; त्याची वाट पाहता येते; त्या वेळी पाणी सोडता येते. पंचांगात नसलेल्या ताऱ्याच्या साक्षीने कोणी अग्रहार देत नाही. तो दिसला तर शांती करावयाची. शांतीचे ताम्रपट नसतात.

गणिताची जसजशी सोय होत गेली, तसतसा वेधाचा प्रसंग कमी होत गेला, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये (इ. स. १५२०) ‘ग्रहलाघव’ रचले आणि ज्या-कोटिज्यांची खटपट न करता ग्रह साधण्याची युक्ती दिली. महाराष्ट्रातील पंचांगे त्यावरून होऊ लागली. पंचांग अंगणात नव्हे, ओसरीवर बसून तयार होऊ लागले. १६०४ च्या ऑक्टोबरात मंगळ आणि गुरू एकत्र आले असता त्यांच्याच जवळ केप्लरचा तारा उगवला. युतीचे गणित येथल्या जोशांनाही येत होते. युती आकाशात पडताळून पाहण्यासाठी जो बाहेर आला असेल, त्याला तिसरी ज्योती दिसलीच असेल. गणित बरोबर आले आहे अशी ज्याची खात्री होती, त्याला बाहेर येण्याचे कारण नव्हते.

काश्मीरातील बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन शिळेवर शिकारीच्या दृश्याच्या वर दोन तेजस्वी बिंबे कोरलेली आहेत. त्यांतील एक अतिदीप्त नवतारा असावा, असा तर्क मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. तर्क आकर्षक आहे, परंतु शिळेला शब्द नसतो, आणि प्रस्तुत प्रश्न शब्दाचा आहे.

शब्दाच्या बाजूने पाहता शोध ‘नवा तारा’ ह्या अर्थाच्या पदावर थांबणे योग्य नव्हे. तो ‘केतू’ ह्या पदावर केंद्रित व्हावा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील केतुचाराध्यायात आरंभीच सांगितले आहे की केतूंचे दर्शन व अस्त गणिताने जाणता येत नाहीत. म्हणजे त्या वर्गाची व्याख्याच मुळी शेपटीवरून केलेली नाही. ती गणिताच्या असमर्थतेवरून केलेली आहे. केतू दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे त्रिविध आहेत. कोणी ते एकशे एक सांगतात, कोणी हजार, आणि नारदाच्या मते तो एकच असून बहुरूपी आहे. मराठीतील ‘शेंडेनक्षत्र’ ह्या शब्दाने केतूला शेंडी चिकटवली आणि आपण तो शब्द धूमकेतूपुरता समजू लागलो. बृहत्संहितेच्या यादीत मात्र भूमिपुत्र म्हटलेले बावीस केतू आहेत. ते आरशासारखे वाटोळे, किरणयुक्त आणि ‘विशिख’ म्हणजे शेंडीविरहित, ईशान्येस दिसणारे आणि दुष्काळाचे भय दर्शवणारे असे वर्णिलेले आहेत. ही यादी आकडे जुळवून हजाराची भरती करणारी आहे. तिच्यातील प्रत्येक केतू कोणी प्रत्यक्ष पाहिला होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल, आणि ईशान्य ही दिशा १००६ च्या दक्षिणेकडील ताऱ्याशी जुळत नाही. तथापि वाटोळ्या, शेंडी नसलेल्या, अकस्मात येणाऱ्या ज्योतीसाठी ह्या परंपरेत एक खण राखून ठेवलेला होता, एवढे ह्यावरून निश्चित होते. बाराव्या शतकात वंगदेशाचा राजा बल्लाळसेन ह्याने सुरू केलेल्या ‘अद्भुतसागरा’त पूर्वसूरींची केतुविषयक वचने मोठ्या प्रमाणावर संकलित झाली आहेत. ह्या संग्रहातील, तसेच शांतिविषयक पोथ्यांतील ‘विशिख’ केतूंचे उल्लेख वेगळे काढून, त्यांपैकी ज्यांना नक्षत्र आणि मास जोडलेले आहेत तेवढेच चिनी नोंदींशी ताडून पाहणे, हे काम अद्याप करण्यासारखे आहे.